खरोशाची टेकडी वाचताना

लातूरपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, औसा तालुक्यात, खरोसा हे गाव आहे. गावालगतच्या टेकडीत बारा लेणी कोरलेली आहेत. अभ्यासक त्यांचा काळ साधारणतः इसवी सनाचे सहावे शतक मानतात. आमच्या निवासी शाळेतील नववीच्या विद्यार्थ्यांना आम्ही दरवर्षी या टेकडीवर नेतो. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील मुले आमच्याकडे शिकतात. कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर, निलंगा या भागांतील कितीतरी घरांतून शिक्षणासाठी बाहेर पडलेले हे पहिलेच मूल असते. अजिंठा-वेरूळची नावे त्यांनी पुस्तकात वाचलेली असतात. आपल्याच मुलखात, एसटीने दोन-तीन तासांत पोहोचता येईल अशा टेकडीत तथागतांची बैठी मूर्ती आहे, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.

सहलीचा अहवाल लिहिण्याचा आमचा हेतू नाही. गेल्या काही वर्षांत या टेकडीवर मुलांनी विचारलेल्या प्रश्नांनी आम्हांलाच पुष्कळ वाचावयास लावले. त्यातील काही भाग माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

बहुतेक मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. पायथ्याशी उतरताच कोणीतरी विचारते, “सर, ही लेणी आपलीच हायत का?” प्रश्न साधा आहे. विचारणाऱ्याच्या आजोबांना गावातील देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या ‘आपली’ शब्दाचे वजन कळते. या प्रश्नाला ‘होय’ असे एका शब्दात उत्तर देणे आम्हांला सोपे होते आणि सुरुवातीची काही वर्षे आम्ही तसे देतही होतो. आज आम्ही तसे देत नाही.

वर चढण्यापूर्वी आम्ही मुलांना हातात दगड घ्यावयास लावतो. सह्याद्रीतील बहुतेक लेणी काळ्या कठीण बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. खरोशाची टेकडी मात्र जांभ्याची. शेजारच्या बिदरकडे गेलेल्यांनी तेथील किल्ल्याच्या लाल भिंती पाहिल्या असतील; तोच हा दगड. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्या-उन्हात राहिला की टणक होतो. त्यामुळे तो कोरावयास सोपा. परंतु अंगाने सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो, आणि त्यात बारीक नक्षी फार काळ टिकत नाही. वेरूळच्या मूर्तीच्या बोटातील अंगठी आज मोजता येते. येथे बोटेच ओळखण्याची मारामार. मुलांना सुरुवातीला निराशा वाटते. पाठ्यपुस्तकातील चित्रांसारखे येथे काही दिसत नाही. दगड कळला म्हणजे मग ती निराशा ओसरते, कारण मूर्ती झिजली यात कोरणाऱ्याचा दोष नाही, हे त्यांना उमगते.

पहिल्या लेण्यात बैठी बुद्धमूर्ती आहे. पुढील लेण्यांत नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण असे शिल्पांकन दिसते. म्हणजे एकाच टेकडीत बौद्ध आणि ब्राह्मणी अशा दोन्ही परंपरांचे काम आहे, आणि मोजमापाने पाहिले तर दुसऱ्या परंपरेचे अधिक आहे. ‘आपली का?’ या प्रश्नाचे उत्तर येथेच अवघड होऊ लागते.

मुलांचा एक गोंधळ येथे नोंदवला पाहिजे, कारण तो मोठ्यांच्याही लेखनात आढळतो. आम्ही सहल तेरवरून आणतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून त्याची ओळख सर्वांना आहे. त्याआधी हजार-बाराशे वर्षे हेच गाव भूमध्य समुद्राकाठच्या व्यापाऱ्यांना माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे समुद्रप्रवासाचे टिपण लिहिले. लेखकाचे नाव उपलब्ध नाही. त्यात तो म्हणतो की भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर आहे. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून साधे कापड, मलमल व इतर वस्त्रे, धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जात. उलट दिशेने सोन्याचांदीची नाणी आणि इटलीचे मद्य येत असे. आमच्या कापूस पिकवणाऱ्या पालकांच्या मुलांना हा भाग फार आवडतो. आपल्या भागातील कापड रोमपर्यंत जात होते, मग भाव कोण ठरवत होते, असे एका मुलाने विचारले होते. त्या टिपणात याचे उत्तर नाही. प्रश्न मात्र आम्ही फळ्यावर लिहून ठेवला.

तगर म्हणजे नेमके कोणते गाव, याविषयी एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. जुन्नर, देवगिरी, धारूर अशी निरनिराळी नावे पुढे आली. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे साधार मांडले. पुढे १९५८ मध्ये बी. एन. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या गावात, पावसाने उघडे पडलेले मणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, नाणी वर्षानुवर्षे वेचून ठेवली. आज त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय तेथे आहे. विद्यापीठाच्या पदवीवाचूनही माणूस केवढे काम करू शकतो, हे दाखविण्यासाठी आम्हांला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही. तेरच्या मातीच्या मूर्तींमध्ये दुहेरी साच्याचे तंत्र दिसते. ते रोमन जगाच्या संपर्कातून आले असावे, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. तेर येथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे मिळाली. पॉम्पेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणून ती मूर्ती त्यापूर्वीची, हे निश्चित सांगता येते. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही याच घडणीचे हस्तिदंती काम मिळाले आहे.

गोंधळ असा की सकाळी तेर पाहिलेली मुले संध्याकाळी वहीत लिहितात : रोमचे व्यापारी खरोशाच्या लेण्यात मुक्काम करीत. तेरची भरभराट सातवाहन काळातली आणि खरोशाचे कोरीवकाम त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी. दोन स्थळांमधील अंतर बसने तासा-दोन तासांत ओलांडता येते, म्हणून काळाचे अंतरही तेवढेच वाटते. आम्ही वर्गात दोरी ताणून तिच्यावर गाठी मारतो : सम्राट अशोक, सातवाहन, तेरचा व्यापार, अजिंठ्याचे उत्तरकालीन काम, खरोसा, गोरा कुंभार, बाबासाहेबांचा जन्म. दोरी पाहिल्यावर मुले गप्प होतात.

भूमध्य समुद्राकाठची माणसे लेण्यांशी संबंधित होती, हे मात्र खरेच आहे. पुरावा खरोशाचा नसून कार्ले, जुन्नर आणि नाशिक येथील शिलालेखांचा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक स्तंभ यवनांनी दान दिलेले आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. नाशिकच्या सतराव्या लेण्यात धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दात्तामित्री येथील योनक सर्व बुद्धांच्या पूजेसाठी लेणे, चैत्यगृह आणि पाण्याच्या पोढी दिल्याचे नोंदवतो. यांतील कोण खुद्द ग्रीक, कोण वायव्येकडे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेला, हे प्रत्येक नावागणिक वेगळे तपासावे लागते. नावे मात्र बव्हंशी इथल्या वळणाची झालेली आहेत. जन्माने परका असलेला माणूस संघाला दान देतो आणि संघ त्याचे नाव दगडावर कोरू देतो. त्याचे कुळ विचारून दान परत केल्याची नोंद तेथे कोठे नाही. ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके, हे सांगताना लातूरच्या मुलांचे डोळे चमकतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते त्यांच्या घरात अजून बोलले जाते. टाक्याचे दान म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

याच ओघात मिलिंदाची गोष्ट येते. ग्रीक राजा मिनँडर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करीत होता. भिक्खू नागसेनाशी त्याने केलेला संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. राजाने शंका विचारावी, भिक्खूने न भिता उत्तर द्यावे आणि राजाने हार मानण्यात कमीपणा मानू नये, असा तो संवाद. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे ‘मिलिंद’ आणि त्या परिसराला ‘नागसेनवन’ ही नावे मिळाली. आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची पदवी त्याच वनातली. आपल्या महाविद्यालयाचे नाव एका ग्रीक राजावरून आहे, हे त्यांतील काहींना पदवी घेऊन झाल्यावर कळले, असे त्यांनीच आम्हांला हसत सांगितले आहे.

आता पहिल्या लेण्यातील मूर्तीकडे वळू. ती पाहताना आम्ही मुलांना एक कसरत करावयास लावतो. ‘ही मूर्ती बुद्धांची आहे’ असे आधी सांगत नाही. बैठी, शांत, हात मांडीवर ठेवलेली मूर्ती बुद्धांची किंवा जैन तीर्थंकरांची, दोन्हींची असू शकते. मग खुणा शोधाव्या लागतात. अंगावर चीवर आहे काय? डाव्या खांद्यावरून उतरणारी किंवा घोट्यापाशी दिसणारी वस्त्राची कड आहे काय? हात धम्मचक्र, भूमिस्पर्श किंवा अभय मुद्रेत असतील तर प्रश्न मिटतो. ध्यानमुद्रा मात्र दोघांनाही समान. छातीवर श्रीवत्स असेल तर तीर्थंकर, पण दक्षिणेकडील जिनमूर्तींवर ते चिन्ह नसतेही. डोक्यावर नागफणा दिसला की मुले ‘पार्श्वनाथ’ म्हणून मोकळी होतात. तेव्हा मुचलिंद नागाने बुद्धांवर धरलेल्या छत्राची आठवण द्यावी लागते. जांभ्यात तर चीवराची कड सर्वांत आधी झिजते. बोट न लावता, टॉर्चचा प्रकाश बाजूने टाकून पाहिले तर पुसट उठाव दिसतात. हे पाहण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि एरवी दोन मिनिटांत पुढे पळणारी मुले ती आनंदाने देतात.

ही कसरत का आवश्यक आहे, ते धाराशिव लेण्यांवरून कळते. धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या डोंगरात ही लेणी आहेत. जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे सर्वेक्षण करून ती जैन असल्याचे नोंदवले. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात करकंड राजाला तेरच्या परिसरातील डोंगरात लेणे आढळल्याची कथा आहे, आणि ती जैन परंपरेत आदराने सांगितली जाते. पुढे डॉ. म. के. ढवळीकर यांनी मुख्य लेण्याची मांडणी अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी ताडून पाहिली आणि ही लेणी मुळात बौद्ध असून नंतर जैनांकडे गेली असे मांडले. आमचे मत ढवळीकरांच्या बाजूने झुकते. परंतु आम्ही बौद्ध आहोत म्हणून ते झुकते की विहाराच्या आराखड्यामुळे, हे स्वतःला विचारून घेण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. मुलांना दोन्ही मते सांगतो, आणि जैन कुटुंबातील कोणी अभ्यासक भेटला तर त्यालाही हेच सांगू.

तेरचे त्रिविक्रम मंदिर या दृष्टीने अधिकच बोलके आहे. गजपृष्ठाकार, विटांचे, वर कमानदार छप्पर असलेले हे बांधकाम मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. आज तेथे विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची पूजा होते. आमच्यातील काही तरुण शिक्षक पहिल्यांदा तेथे गेले तेव्हा संतापून परतले होते. त्यांचा संताप आम्ही समजू शकतो. पण विटांची अशी प्राचीन चैत्यगृहे देशात किती उरली? आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे असेच आणखी एक, आणि तेही पूजेत असलेले. ज्या वास्तूंचा वापर थांबला त्यांच्या विटा लोकांनी घरांसाठी नेल्या. जेथे दिवा लागत राहिला तेथे भिंती राहिल्या. हे मान्य करणे कठीण आहे, पण त्याला इलाज नाही.

ग्रीसमधील अथेन्सच्या टेकडीचे चित्र आम्ही याच वेळी दाखवतो. तेथील पार्थेनॉन हे अथेना देवीचे मंदिर इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात उभे राहिले. पुढे त्याचे ख्रिस्ती चर्च झाले, नंतर मशीद झाली. १६८७ मध्ये तुर्कांनी तेथे दारूगोळा साठवलेला असताना व्हेनिसच्या सैन्याच्या तोफगोळ्याने त्याचा मध्यभाग उडाला. एकोणिसाव्या शतकात ग्रीस स्वतंत्र झाल्यावर नंतरच्या काळातील बांधकामे काढून टाकण्यात आली आणि मंदिर पुन्हा ‘मूळ’ रूपात आणण्याचा प्रयत्न झाला. काढलेले सर्व काही काढण्याजोगे होते काय, यावर वर्गात आम्ही वाद लावतो. एका वर्षी मुलांचे दोन तट पडले आणि जेवणाची घंटा होऊनही कोणी उठेना.

टेकडीच्या माथ्यावर पोहोचल्यावर आम्ही सर्वांना बसवून १९३४ सालची हकिकत सांगतो. बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळ पाहावयास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून मंडळी थांबली. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून किल्ल्याबाहेरच्या टाक्यावर त्यांनी हातपाय-तोंड धुतले. एवढ्यावरून टाके बाटवल्याचा आरडाओरडा झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही या अटीवर आत सोडण्यात आले आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. पुरातन टेकडीवर जाऊन इतिहास पाहणे, ही साधी गोष्टही आपल्या माणसांना किती महाग पडली होती, ते मुलांना तेथे उंचावर, वाऱ्यात बसून ऐकले म्हणजे अधिक कळते. हकिकत संपली की आम्ही वर आणलेल्या घागरीतले पाणी सर्वांना देतो. गावातील मुलेही तोवर जमलेली असतात, त्यांनाही देतो. त्यावर भाषण करीत नाही.

एक कबुलीही द्यावयाची आहे. सुरुवातीच्या एका सहलीत आम्हीच मूर्तीपुढे मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावून वंदना घेतली. श्रद्धा होती, समजूत नव्हती. दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा दगडावर काजळीचा पट्टा होता आणि मेण जांभ्याच्या छिद्रांत शिरलेले होते. तो पट्टा आमचाच होता की आमच्यानंतर आलेल्यांचा, यावर चर्चा करण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून त्रिशरण-पंचशील आम्ही लेण्याबाहेर, उघड्यावर घेतो. आत फुले नाहीत, दिवा नाही, आणि मूर्तीला रंग किंवा कापडी चीवर देण्याचा उत्साह तर अजिबात नाही. ज्या चीवराची कड शोधण्यासाठी मुले टॉर्च धरून बसतात, ती कड रंगाच्या एका थराखाली कायमची जाऊ शकते. आमच्याच काही बंधूंना ही भूमिका थंडपणाची वाटते. त्यांच्याशी आमचे बोलणे चालू आहे.

‘आपली का?’ या प्रश्नाला आज आम्ही असे उत्तर देतो : पहिले लेणे कोरणाऱ्यांनी जो मार्ग धरला तो आपण धरला आहे, म्हणून ते आपले, पुढची लेणी आपल्या मुलखातल्या कारागिरांनी कोरली, म्हणून तीही जपण्याची जबाबदारी आपली. मुलांचे याने पूर्ण समाधान होत नाही. एका मुलीने विचारले, “मग मालकी कोणाची?” तिला पुरातत्त्वविषयक कायद्याचे पुस्तक ग्रंथालयातून काढून दिले. ती आता कायद्याचे शिक्षण घेत आहे.

प्रत्येक विद्यार्थी टेकडीवर एक तरी चित्र काढतो आणि मापे घेतो. मोजपट्टी दगडाला न लावता, सावली आणि वीत वापरून अंदाज करावयाचा असतो. या वह्या आम्ही ग्रंथालयात वर्षवार ठेवल्या आहेत. मागील वर्षी त्या ओळीने मांडल्या तेव्हा लक्षात आले की एका शिल्पातील हाताचा जो भाग जुन्या वह्यांत स्पष्ट आहे, तो अलीकडच्या वह्यांत कोणीच काढलेला नाही. मुलांना तो दिसला नाही की तो आता उरला नाही, हे छायाचित्रांवरून ताडावे लागेल. ज्या माजी विद्यार्थ्यांजवळ खरोशाच्या सहलीची जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी मागे वर्ष लिहून त्यांची एक प्रत शाळेकडे पाठवावी. चेहरे नीट आले नसले तरी चालेल, मागची भिंत दिसत असली म्हणजे पुरे.